एकट्याचा प्रवास आणि साथीची विद्या



आपल्या शहरांतील सुशिक्षित घरांतून पूर्वीं पेटी आणि तबला यांचा आवाज येत असे. आतां त्यांच्या जोडीला गिटारही येऊन बसली आहे. घरांतील मुलगा किंवा मुलगी चार-दोन वर्षें त्या वाद्यावर बोटें चालविते आणि एके दिवशीं जेवतां जेवतां सांगते कीं, मला स्पेनमध्यें जाऊन फ्लामेन्को शिकावयाचें आहे, आणि मी एकट्यानेंच जाणार. वडील माणसें त्यावर दोन प्रश्न विचारतात. एक वाद्य शिकण्याकरितां समुद्रापलीकडे जाण्याचें कारण काय? आणि जावयाचेंच तर एकट्यानें कां? हे दोन्ही प्रश्न मला रास्त वाटतात. मुलांनीं त्यांचा राग मानूं नये, आणि वडिलांनीं उत्तर ऐकल्यावांचून नकार देऊं नये. त्या उत्तराचा प्रयत्न मी आज करणार आहें.

ही विद्या आहे तरी काय, हें प्रथम पाहूं. स्पेन देशाच्या दक्षिण प्रांताला अंदालुसिया म्हणतात. सेव्हिल, खेरेस, कादिस, कॉर्डोबा, ग्रानाडा हीं तेथील नामांकित शहरें. या प्रांतांत वाढलेल्या गायन, नृत्य आणि गिटारवादन या त्रयीला फ्लामेन्को हें नांव आहे. आपल्याकडील पुष्कळांची समजूत अशी कीं, फ्लामेन्को म्हणजे जलद वाजविलेली गिटार. वस्तुस्थिति निराळी आहे. या त्रयीचा प्राण गायन हा आहे. त्यांतले कांहीं प्रकार तर इतके जुने व कठोर आहेत कीं, ते कोणत्याही तंतुवाद्यावांचून गातात; लोहाराच्या भट्टीशीं ज्याचा संबंध जोडला जातो तो ‘मार्तिनेते’ नांवाचा प्रकार केवळ ऐरणीवरील हातोड्याच्या ठोक्यावरही गाइला जातो. गिटार या घरांत आली ती गाण्याची साथ करण्यासाठीं. मालकीण होण्याचा मान तिला पुष्कळ उशिरानें मिळाला.

या कलेच्या घडणींत ज्यांचा मोठा वांटा आहे ते स्पेनमधील खितानो लोक मूळचे आपल्याकडचे, हें आतां भाषाशास्त्रानें निश्चित केलें आहे. त्यांचे पूर्वज सुमारें एक हजार वर्षांपूर्वीं भारताच्या वायव्य भागांतून निघाले, आणि १४२५ सालीं ते स्पेनमध्यें असल्याची लेखी नोंद सांपडते. त्यांच्या रोमानी भाषेंत पाण्याला ‘पानी’, कानाला ‘कान’ आणि केसांना ‘बाल’ म्हणतात. हें ऐकून आपणांस आनंद होणें स्वाभाविक आहे. परंतु त्यावरून फ्लामेन्को ही आपलीच विद्या, ती शिकण्यास परदेशीं कशाला जावें, असें कोणी म्हणूं लागेल तर तो उतावळेपणा होईल. अरबी राजवटीचे संस्कार, यहुदी व कॅस्टिलियन गीतें, अंदालुसियांतील गोरगरिबांचीं गाणीं, असे अनेक प्रवाह तेथें मिळाले, आणि अठराव्या शतकाच्या अखेरीपासून एकोणिसाव्या शतकापर्यंत त्यांतून हें रूप सिद्ध झालें. २०१० सालीं युनेस्कोनें या कलेचा मानवजातीच्या अमूर्त वारशांत समावेश केला. जिचें मूळ आपल्या दारांतून गेलें असेल तिचें फळ मात्र परक्या मातीचें आहे. तें चाखावयास त्या मातीवरच गेलें पाहिजे.

आतां वाद्याकडे वळूं. गिटारीच्या आजच्या बांधणीवर सर्वांत मोठी छाप आंतोनियो दे तोरेस या अल्मेरियाच्या कारागिराची आहे. त्याचा काळ १८१७ ते १८९२. फ्लामेन्कोची गिटार सामान्य गिटारीपेक्षां वजनानें हलकी असते. तिची पाठ व बाजू परंपरेनें सायप्रसच्या, म्हणजे सरूच्या लांकडाच्या, आणि तोंडावरची फळी स्प्रूस या थंड प्रदेशांतील झाडाची. तिचा स्वर चटकन् फुटतो आणि चटकन् विरतो. तो रेंगाळत नाहीं. दुसरा एक गडद रंगाचा प्रकार आहे. त्याची पाठ शिसवी लांकडाची करतात, आणि जो शिसवी वृक्ष आपल्या सह्याद्रींतही वाढतो त्याच्या लांकडाला स्पेनच्या कारागिरांकडे मोठी मागणी असते. तारांच्या लगत फळीवर एक पातळ पत्रा चिकटविलेला असतो, कारण वादक तारा छेडतां छेडतां बोटानें फळीवर ठोकाही देतो. उजव्या हाताचीं बोटें पंखा उघडावा तशीं एकामागून एक तारांवरून उलगडणें याला ‘रास्गेआदो’ म्हणतात. दोन बोटांनीं आळीपाळीनें एकेक स्वर टिपणें तो ‘पिकादो’. आंगठ्याच्या नखानें खालीं व वर प्रहार करणें ती ‘आल्सापूआ’. गळ्यावर बसविण्याचा एक चिमटा असतो. गायकाचा स्वर उंच असेल तर वादक तो चिमटा वर सरकवितो आणि आपली गिटार त्याच्या पट्टींत आणून बसवितो. या लहानशा साधनावरूनच ध्यानांत येईल कीं, येथें पट्टी गायकाची असते.

स्वरांविषयीं सांगावयाचें तर या संगीताचा मुख्य मेळ आपल्या भैरवी थाटाशीं जुळतो. ऋषभ, गांधार, धैवत, निषाद कोमल. आणि गिटारीवर समाप्तीचा स्वरसमूह वाजवितांना मात्र गांधार शुद्ध होतो. त्यामुळें आपल्या कानाला तें परकें वाटत नाहीं, आणि अगदीं आपलेंही वाटत नाहीं.

खरी कसोटी लयीची. तिला ते ‘कोंपास’ म्हणतात. ‘सोलेआ’ हा गंभीर प्रकार बारा मात्रांचा आहे. आपल्या एकतालाच्याही बारा मात्रा. परंतु एकतालांत दोन दोन मात्रांचे सहा सारखे खंड, आणि सम पहिल्या मात्रेवर. सोलेआमध्यें तीन, तीन, दोन, दोन, दोन असे खंड पडतात आणि जोर प्रत्येक खंडाच्या शेवटीं येतो. श्रोत्यांनीं घरीं बसल्या बसल्या टाळी देऊन पाहावी: एक, दोन, तीन, चार, पांच, सहा, सात, आठ, नऊ, दहा, अकरा, बारा. तीन, सहा, आठ, दहा आणि बारा या मात्रांवर टाळी द्यावी. पहिली मात्रा मोकळी राहते, आणि गिटारीचें वाक्य बहुधा दहाव्या मात्रेवर पुरें होतें. हेंच चक्र भरधाव सोडलें कीं ‘बुलेरियास’ हा उत्सवी प्रकार होतो. ज्याच्या अंगांत लहानपणापासून पहिल्या मात्रेची सम भिनली आहे त्याला येथें पायाखालची फरशी सरकल्यासारखें वाटतें.

मिखाइल ग्लिंका या सुप्रसिद्ध रशियन संगीतकारानें १८४५ सालीं स्पेनची वाट धरली. तो जवळजवळ दोन वर्षें त्या देशांत राहिला, आणि ग्रानाडा येथें फ्रान्सिस्को रोद्रिगेस या गिटारवादकाशीं त्याची ओळख झाली. हा वादक ‘एल मुर्सियानो’ या नांवानें ओळखला जाई. असें सांगतात कीं, ग्लिंका तासन् तास त्याच्यापुढें बसे आणि त्याचें वादन कागदावर उतरविण्याची खटपट करी. परंतु तें वादन कागदाच्या पकडींत येईना. स्वरलेखनांत निष्णात असलेल्या माणसाची ही गत. आज कागदाच्या जागीं पडदा आला आहे. घरबसल्या थोर वादकाचीं बोटें हवीं तितक्या संथ गतीनें पाहतां येतात, आणि दूरच्या गुरूकडून पडद्यावर धडेही घेतां येतात. ही सोय मी लहान मानीत नाहीं. बोटांची कवाइत तिनें खरोखर साधते. मात्र गायक श्वास घेण्यासाठीं थांबला असतां त्या क्षणीं किती वाजवावें, आणि किती वाजवूं नये, हें पडदा शिकवीत नाहीं. कारण पडद्यावरचा गायक तुमच्यासाठीं थांबत नाहीं.

विसाव्या शतकांत फ्लामेन्को गिटारीची कीर्ति ज्यानें जगभर नेली तो पाको दे लुसिया १९४७ सालीं आल्खेसिरास या बंदराच्या गांवीं जन्मला आणि २०१४ सालीं मेक्सिकोंत वारला. त्याच्या एकल वादनाला मोठमोठीं नाट्यगृहें अपुरीं पडत. तथापि १९६९ पासून १९७७ पर्यंत त्यानें कामारोन दे ला इस्ला या गायकाबरोबर ज्या ध्वनिमुद्रिका केल्या, त्यांत तो साथीला बसलेला आहे. गाण्याच्या दोन ओळींमधील जागा तो कशी भरतो, आणि ओळ सुरू होतांच कसा मागें सरतो, हें त्यांत ऐकावें. साथीच्या शिस्तींत तयार झालेला हात एकल वादनाला केवढें बळ देतो तें त्यावरून कळेल.

ही शिस्त शोधीत परदेशी तरुण पूर्वींपासून एकेकटे अंदालुसियाला जात आले आहेत. सेव्हिलपासून कांहीं कोसांवर मोरोन दे ला फ्रोन्तेरा हें गांव आहे. तेथें दिएगो देल गास्तोर हा खितानो वादक राहत असे. त्याचा काळ १९०८ ते १९७३. त्यानें मोठ्या रंगभूमीची हांव धरली नाहीं. १९६० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतून आणि इतर देशांतून तरुण माणसें त्याच्या गांवीं येऊन राहूं लागलीं. डॉन पोरेन या अमेरिकन गृहस्थानें १९६२ सालीं फ्लामेन्कोवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि पुढें मोरोनजवळच एका शेतवाडीवर अशा पाहुण्यांची सोय केली. हे विद्यार्थी दिएगोच्या गांवच्या मद्यगृहांतून रात्रीच्या रात्री बसत, आणि गायक, वादक, टाळी देणारे एकमेकांकडे कसे पाहतात तें पाहत. दिएगोचें जें वादन आज ऐकावयास मिळतें त्यांतील पुष्कळसें या परक्या विद्यार्थ्यांच्या फितींवर राहिलें आहे. गुरूनें शिष्यांना विद्या दिली, आणि शिष्यांनीं गुरूचा आवाज राखला.

आजकाल शिक्षणाची व्यवस्था अधिक रीतसर झाली आहे. सेव्हिल येथें क्रिस्टिना हीरेन या अमेरिकन बाईंनीं स्थापिलेली शाळा आहे. तेथें गायन, नृत्य व गिटार हीं तिन्ही अंगें शिकवितात. हॉलंडमध्यें रॉटरडॅमच्या संगीतविद्यालयांत पाको पेन्या यांच्याकडे १९८५ सालीं फ्लामेन्को गिटारीचें अध्यापकपद सोंपविण्यांत आलें. तेव्हां पदवीच हवी असेल तर ती स्पेनबाहेरही मिळूं शकते. अंदालुसियांत जावयाचें तें पदवीसाठीं नव्हे, संगतीसाठीं.

या संगतीचा अर्थ मला माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या तोंडून कळला. ती पुण्यांत नोकरी करीत होती. पगारांतून तीन वर्षें पैसे सांठवून, वडिलांच्या मनाविरुद्ध, ती बारा आठवड्यांसाठीं खेरेसला गेली. मनांत उमेद एकल वादक होण्याची. पहिल्या दिवशीं गुरूनें तिचें वादन शांतपणें ऐकून घेतलें, आणि गिटार पेटींत ठेवावयास सांगितलें. पुढचे पंधरा दिवस तिनें टाळ्या वाजविल्या. टाळीचेही तेथें दोन प्रकार आहेत. उघडी, खणखणीत टाळी, आणि तळवे खोलगट करून दिलेली दबकी टाळी. तिची टाळी पुनः पुनः पहिल्या मात्रेवर पडे, आणि शेजारचीं दहा-बारा वर्षांचीं मुलें हंसत.

“सर,” ती मला म्हणाली, “दिवस कसाही जायचा. रविवारीं मात्र सगळें गांव आपापल्या माणसांत, आणि माझ्याशीं सकाळपासून रात्रीपर्यंत कोणी एक शब्द बोललेलें नसायचें.” तिसऱ्या आठवड्यांत तिनें घरीं फोन करून परत येतें म्हणून सांगितलें. वडील कांहीं वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “एवढा खर्च करून टाळी शिकायला गेलीस ना? मग ती तरी नीट शिकून ये.” जाण्याला विरोध करणाऱ्या माणसाचें हें उत्तर होतें, म्हणून मी तें मुद्दाम सांगतों.

सहाव्या आठवड्यांत गुरूनें तिला एका वृद्ध गायकाच्या शेजारीं बसविलें. हा गृहस्थ पेशानें गवई नव्हता. द्राक्षमळ्यांत आयुष्य घालविलेला माणूस होता. त्यानें सोलेआची पहिली ओळ म्हटली आणि तो थांबला. ती शांतता हिला सोसली नाहीं. जें जें येत होतें तें सारें तिनें त्या जागेंत ओतलें. म्हाताऱ्यानें आपला हात अलगद तिच्या तारांवर ठेवला, वाद्य बंद केलें, आणि तीच ओळ पुन्हा पहिल्यापासून म्हटली. तो रागावला नव्हता, हंसलाही नव्हता. त्यानंतर ती आपल्या बोटांकडे पाहावयाचें सोडून त्याच्या तोंडाकडे पाहूं लागली. श्वास कधीं भरतो, मान कधीं कलते, तें टिपूं लागली. उरलेल्या सहा आठवड्यांत तिनें नवें असें फारसें कांहीं बसविलें नाहीं. ती थांबावयास शिकली.

आतां या कथेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहींतर मी जाहिरात केल्यासारखें होईल. ती परत आली तेव्हां तिच्याजवळ साथीची विद्या होती, पण साथ करावयाची कोणाची? पुण्यांत सोलेआ गाणारा तिला कोठून मिळावा? तिनें दोघी मैत्रिणींना टाळी शिकविली. शनिवारीं तिघी एकत्र बसतात. गायकाच्या जागीं ध्वनिमुद्रण लावतात. तें ध्वनिमुद्रण तिच्याकडे पाहत नाहीं, तिच्या वाजविण्यावर लांब किंवा आंखूड होत नाहीं. माणसांवांचून ही विद्या हळूहळू वाळते, आणि हें तिला स्वतःला जाणवतें. तिच्या वडिलांचा प्रश्न कीं, एवढें करून हातांत काय आलें, अजून मिटलेला नाहीं. जाऊं इच्छिणाऱ्यानें हा हिशेब निघण्यापूर्वींच मांडावा. एकदां जाऊन सर्व विद्या गांठोड्यांत बांधून आणतां येईल, ही आशा धरूं नये. परत आल्यावर चार माणसें भोंवतीं जमवावीं लागतील, आणि पुन्हा कधींतरी तिकडची वाट धरावी लागेल.

इतकें समजून ज्याला जावयाचें असेल त्याच्यासाठीं थोड्या व्यवहाराच्या गोष्टी सांगतों. अल्प मुदतीच्या परवान्यावर १८० दिवसांच्या काळांत ९० दिवसांहून अधिक राहतां येत नाहीं. अधिक राहावयाचें तर विद्यार्थ्याचा परवाना काढावा लागतो, आणि त्यासाठीं शाळेंतील प्रवेश, पुरेसा पैसा व विमा यांचे पुरावे द्यावे लागतात. जुलै-ऑगस्टमध्यें सेव्हिलकडे पारा चाळीस अंशांपलीकडे जातो. तो काळ टाळावा. खेरेस येथें हिंवाळा संपतां संपतां फ्लामेन्कोचा मोठा उत्सव भरतो. त्या दिवसांत ऐकावयास पुष्कळ मिळतें, पण राहण्याची सोय आधींच करावी लागते. आपल्या दमट हवेंत राहिलेली गिटार तिकडच्या कोरड्या हवेंत गेली कीं तिची पातळ फळी तडकण्याचें भय असतें. म्हणून ती पेटींत, ओलाव्याची काळजी घेऊन ठेवावी. स्पॅनिश भाषा निदान बोलण्यापुरती शिकून जावें, आणि अंदालुसियाचे लोक शब्दाच्या शेवटचा ‘स’ गिळतात हें ध्यानांत ठेवावें. मुलगा असो वा मुलगी, राहावयाचें तें शक्यतों एखाद्या कुटुंबांत; रात्रीचें जेवण नऊ-दहाला होतें, आणि भाषा शिकण्यास त्या टेबलासारखी शाळा नाहीं. घरच्यांना आपला ठावठिकाणा नियमानें कळवावा. आणि कोणाच्या बैठकींत बसण्याचा मान मिळाला तर विचारल्यावांचून त्यांचें गाणें यंत्रांत भरून घेऊं नये.

राहिला दुसरा प्रश्न: एकट्यानें कां? दोघे मित्र मिळून गेले कीं परदेशांतही आपल्या भोंवतीं आपलेंच घर उभें राहतें. मराठींत बोलणें, मराठींत कुरकुर करणें, चुकलें तर एकमेकांची समजूत घालणें. त्यांत सुख आहे, पण कान बंद राहतो. एकट्या माणसाला दुसऱ्याकडे पाहावेंच लागतें. कोण कधीं बोलतो, कोण कधीं थांबतो, आपण कोठें बोलावें, हें तो पोटासाठीं शिकतो, आणि साथीची विद्या याहून निराळी नाहीं. त्या मुलीचे ते मुके रविवार तिच्या शिक्षणांत जमेस धरले पाहिजेत, असें मला शिक्षक म्हणून वाटतें.

तेव्हां वडील माणसांना माझी विनंती एवढीच आहे. मुलानें असा विषय काढला तर त्याला, किती जलद वाजवितां येतें, हें विचारूं नये. त्याला विचारावें कीं, बाबा रे, दुसरा गात असतां तुला गप्प बसतां येतें का, आणि बसतां येत नसेल तर तें शिकण्याची तुझी तयारी आहे का? या प्रश्नाला तो थोडा विचार करून होय म्हणाला, तर त्याच्या प्रवासाची तयारी करण्यास हरकत नाहीं. आणि तो परत येईल तेव्हां त्याचें वादन ऐकण्यास घरांतील चार माणसांनीं वेळ काढून बसावें. टाळी देतां आली तर द्यावी. तिसऱ्या, सहाव्या, आठव्या, दहाव्या आणि बाराव्या मात्रेवर.